प्रति टन रुग्ण

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता हडपसरमधल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून चौसष्ट स्लाइडची एक फाइल मुंबईला पाठवण्यात आली. ती परराज्यातल्या एका रुग्णालय समूहाच्या संचालक मंडळासाठी होती. तिच्यातल्या एकविसाव्या स्लाइडवर रुग्णांवर होणारा खर्च ‘प्रति टन’ दाखवला होता. त्याच स्लाइडच्या तळटीपेत लिहिलं होतं की, भट्टी दुरुस्तीसाठी बंद असलेले दिवस यात धरलेले नाहीत.

ती स्लाइड मांडणारी बाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत होती. भाषा तपासणारी मी होते. त्या गुरुवारी तिचा सल्लागार होण्याचा अर्ज शेवटच्या टप्प्यावर होता आणि त्यासाठी लागणारं शिफारसपत्र जो माणूस देणार होता, त्याच्याच नावाने ती फाइल सादर होणार होती.

कंपनी सल्ला विकते. कारखाना कुठे काढावा, माणसं किती कमी करावीत, साबणाची वडी कुणाच्या लक्षात न येता कशी लहान करावी, हे ती मोठ्या कंपन्यांना सांगते. सांगणारे लोक मुंबई, दिल्ली आणि दुबईत असतात. त्यांना सल्लागार म्हणतात. त्यांच्या स्लाइड, आलेख, नकाशे, माहितीची शोधाशोध, इंग्रजीतल्या चुका, विमानाची तिकिटं आणि बिघडलेले लॅपटॉप हडपसरला सांभाळले जातात. ते सांभाळणाऱ्या सगळ्यांना मिळून सपोर्ट म्हणतात. सपोर्टमध्ये एम.ए. आहेत, इंजिनिअर आहेत, रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेले एक जणही आहेत. सल्लागारांच्या तोंडी मात्र आम्ही सगळे मिळून ‘पुणे’. ‘पुण्याला टाक.’ ‘पुणे करेल.’ ‘पुण्याने अजून दिलं नाही?’ शहराचं नाव दिवसातून इतक्या वेळा घेणारे आणि शहर कधी न पाहिलेले इतके लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्याआधी एकोणीस वर्षं मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते. आवृत्ती बंद झाली तेव्हा वय बेचाळीस होतं. कंपनीला इंग्रजी तपासणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत विचारलं, ‘दबावाखाली काम करता येतं का?’ मी होय म्हणाले. त्या फेब्रुवारीपर्यंत चार वर्षं मी स्वल्पविराम हलवत होते.

सदाशिव पेठेत आमच्या बसथांब्यावर एक निवृत्त शिक्षक भेटतात. पहिल्या महिन्यात त्यांनी चौकशी केली.

“आपण कन्सल्टिंगमध्ये लागलात म्हणे. कुणाला सल्ला देता?”

“कुणालाच नाही.”

“मग पगार?”

“वेळेवर होतो.”

“उत्तम. पुण्यात राहून कुणालाच सल्ला द्यायचा नाही, म्हणजे काम अवघडच आहे.”

नोकरीचे फायदे आहेत आणि ते खोटे नाहीत. बस दारापासून थोड्या अंतरावर येते. विम्यात वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि कागद मागायला कुणी दोनदा फोन केला नाही. शनिवार-रविवार सुट्टी असते आणि ती बहुतेक वेळा राहते. सल्लागार आठवड्यातले चार दिवस बॅगेत कपडे भरून फिरतात, हॉटेलात झोपतात आणि पस्तिशीत पाठ धरून बसतात. आम्ही घरी झोपतो. शिकायलाही मिळतं: एका आठवड्यात सिमेंट, पुढच्या आठवड्यात शाम्पू, त्यानंतर बंदर. कुठल्याही धंद्याची पोटातली रचना चार दिवसांत समजून घ्यायची सवय लागते. कुणी ओरडत नाही. वर्तमानपत्रात आमचे मुख्य उपसंपादक ओरडत आणि नंतर चहा पाजत. इथे ‘जेंटल रिमाइंडर’ येतो. चहा यंत्रातून घ्यायचा.

तोट्यांबद्दल विचारलं तर बहुतेक जण सांगतात की, आपलं नाव कुठेही येत नाही. मला सुरुवातीला त्यात नवं काही वाटलं नव्हतं. उपसंपादकाचंही नाव छापून येत नाही. फरक समजायला वर्ष गेलं. उपसंपादकाला पान थांबवता येतं. बातमीत मृतांचा आकडा शीर्षकात एक आणि मजकुरात दुसरा असेल, तर तो फोन उचलतो, बातमीदाराला झापतो, आणि उत्तर मिळेपर्यंत पान सोडत नाही. पानाला उशीर झाल्याचा जाब त्याला विचारतात, पण थांबवण्याचा अधिकार काढून घेत नाहीत. सपोर्टमध्ये पान थांबवता येत नाही. प्रश्न विचारता येतो. त्यासाठी संगणकावर एक चौकोन आहे. त्या चौकोनात लिहिलेलं वाचणं समोरच्यावर बंधनकारक नाही.

वर्षातून एकदा मोठे सल्लागार पुण्याला येतात. त्या दिवशी टी-शर्ट वाटतात. एका वर्षी त्यांच्या पाठीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘आपण एक टीम आहोत’. टी-शर्ट दोन रंगांचे होते. सल्लागारांचे निळे, सपोर्टचे राखाडी.

शेजारच्या खुर्चीवरची ती अमरावती जिल्ह्यातल्या एका लहान गावची. पदवीनंतर स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आली, सदाशिव पेठेत चौघींच्या खोलीत तीन वर्षं राहिली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली आणि मग हडपसरला लागली. मी आले तेव्हा ती तिथे चार वर्षं होती. आलेख ती कुणाहीपेक्षा लवकर करायची. पण तिचं खरं कसब वेगळं होतं. आकडे मांडता मांडता ती ते वाचायची. बेरीज जुळत नसेल तर तिला स्लाइड रंगवायच्या आधीच खटकायचं. मुंबईहून फोन आला की सल्लागार तिचं नाव घेऊन मागायचे. स्लाइडवर ते अर्थातच नसायचं.

सपोर्टमधून सल्लागार होण्यासाठी कंपनीची एक योजना आहे. तिला ‘ब्रिज’ म्हणतात. मी आल्यापासून त्या पुलावरून दोघे गेले होते. अटी तीन, शिवाय वयाची मर्यादा पस्तीस. दोन वर्षं वार्षिक मूल्यमापनात वरचा शेरा, एका पार्टनरचं शिफारसपत्र, आणि गेल्या बारा महिन्यांत आपल्या नावावर एकाही चुकीची नोंद नसणं. पार्टनर म्हणजे कंपनीच्या मालकीत वाटा असलेला वरिष्ठ सल्लागार. रुग्णालयाचं काम पाहणाऱ्या पार्टनरने तिला पत्र देण्याचं डिसेंबरातच कबूल केलं होतं. मुदत मार्चअखेरची होती. ती पस्तिशीला आली होती. पुढच्या वर्षी वयाची अट आड आली असती. गावाकडे तिने अजून कुणाला सांगितलं नव्हतं. “पत्र हातात आल्याशिवाय आईला नाही सांगणार,” ती म्हणाली होती. “ती आख्ख्या गल्लीत पेढे वाटून मोकळी होईल.”

आता ती स्लाइड कशी तयार झाली ते सांगायला हवं, कारण अशी चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होईल असं वाटत नाही. सल्लागार नवं काम कोऱ्या पानावर सुरू करत नाहीत. जुन्या कामाची फाइल घेतात, तिच्यातलं जुन्या ग्राहकाचं नाव आणि आकडे काढतात आणि ती सामायिक संग्रहात ठेवतात. याला ‘सॅनिटाइझ’ करणं म्हणतात. पुढच्या ग्राहकाच्या कामाला तीच फाइल बाहेर येते. तिच्यात नवं नाव आणि नवे आकडे बसवले जातात आणि ग्राहकाला सांगितलं जातं की, हा विचार खास तुमच्यासाठी केलेला आहे. रुग्णालयाची एकविसावी स्लाइड दोन वर्षांपूर्वी एका सिमेंट कंपनीची होती. शीर्षक बदललं होतं. आकडे बदलले होते. आलेखाच्या उभ्या रेषेवरचं ‘प्रति टन’ आणि तळटीपेतली भट्टी तशीच राहिली होती.

त्या गुरुवारी काय झालं त्याच्या वेळा माझ्याकडे आहेत. वर्तमानपत्रात प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहायची सवय लागली, ती सुटली नाही.

बारा चाळीसला तिने चौकोनात प्रश्न लिहिला: ‘उभ्या रेषेवर प्रति टन आहे. तळटीपेत भट्टी आहे. कृपया खात्री करा.’ बारा बावन्नला प्रकल्पाच्या मॅनेजरचं उत्तर आलं: ‘मजकूर पक्का झाला आहे. फक्त मांडणी करा.’ पुढे हसरा चेहरा.

“ताई, हे बघा,” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. “पेशंट टनात.”

“तू बदलून टाक.”

“मागच्या वर्षी एका स्लाइडवर बदललं होतं मी. बेरीज चुकलेली. बरोबर केली, तर मेल आला, मजकुराला हात लावू नका.”

सव्वादोनला फाइल माझ्याकडे भाषेसाठी आली. दोन वीसला मी मॅनेजरला फोन केला. तो विमानतळावर होता. वय एकोणतीस, आवाज नेहमी धावणाऱ्या माणसाचा.

“मॅडम, कंटेंट लॉक्ड आहे.”

“एकविसाव्या स्लाइडवर रुग्ण टनात मोजलेत.”

“मॅडम, पार्टनरनी सगळं बघितलंय. तुम्ही फक्त ते कॉमा-बिमा बघा ना, प्लीज.”

फोन बंद झाला. कॉमा-बिमा मी पाहिले. एकविसाव्या स्लाइडवर एक स्वल्पविराम कमी होता, तो घातला. साडेतीनला फाइल गेली.

शुक्रवारच्या बैठकीचं वर्णन मला तिथे हजर असलेल्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही जुळतात, म्हणून लिहिते. समूहाचे अध्यक्ष ऐंशीच्या आसपासचे, स्वतः शल्यचिकित्सक. वीस स्लाइड ते काही बोलले नाहीत. एकविसावी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला.

“आम्ही पेशंट टनावर घेत नाही,” ते म्हणाले. “आणि भट्टी आमची नाही. ती नदीकाठी आहे. महापालिका चालवते.”

खोलीत कुणी हसलं नाही, कारण अध्यक्ष हसले नव्हते. पार्टनरने लगेच दिलगिरी व्यक्त केली आणि सांगितलं की, पुण्याच्या आमच्या निर्मिती केंद्रात मांडणी करताना ही चूक शिरली. बैठक पुढे चालू राहिली. अकरा पंचावन्नला पुण्याला तातडीचा निरोप आला. तिने स्लाइड दुरुस्त केली. चार मिनिटं लागली.

चूक झाली की वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर लहान अक्षरांत खुलासा छापतं. कुणी वाचत नाही, पण तो छापलेला असतो. सल्लागारांकडे खुलाशाची प्रथा नाही. तिथे फाइलच्या नावापुढचा आकडा बदलतात. सातवी आवृत्ती चुकीची असेल तर आठवी येते आणि सातवी कधी नव्हतीच असं सगळे वागतात. मात्र ग्राहकासमोर शोभा झाली तर एक फॉर्म भरावा लागतो. तो सोमवारी आला. ‘मूळ कारणाची नोंद’ असं त्याचं नाव. त्यात सहीचे दोन रकाने होते: करणारी व्यक्ती आणि तपासणारी व्यक्ती. कारण आधीच भरलेलं होतं: ‘मांडणीच्या टप्प्यावर झालेली चूक’. तीव्रता: कमी.

मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. ते मनाने वाईट नाहीत. पंधरा वर्षं सपोर्टमध्ये काढल्यावर जे होतं ते त्यांचं झालं आहे.

“मजकूर देणाऱ्याचा रकाना कुठे आहे?”

“तो नसतो.”

“का?”

“त्यांचं मूल्यमापन वेगळं असतं, मॅडम.”

“म्हणजे ते चुका करत नाहीत?”

“या फॉर्ममध्ये करत नाहीत.”

माझ्या रकान्यात मी त्याच संध्याकाळी सही केली. ती स्लाइड मी पाहिली होती, चूक मला दिसली होती, आणि फाइल मी पुढे जाऊ दिली होती. हे तिन्ही खरं होतं. वर्तमानपत्रात असं झालं की सही करायची, शिव्या खायच्या आणि दुसऱ्या दिवशीचं पान लावायला घ्यायचं. माझ्या नावावर नोंद झाल्याने माझं काही बिघडणार नव्हतं. मला कुठला पूल ओलांडायचा नव्हता.

आमच्या मजल्यावर लॅपटॉप दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. कसबा पेठेतले, तीन पिढ्यांचे. त्यांच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘आधी बंद करून चालू करून पाहिलं का? पाहून या.’ मंगळवारी माझा माउस बदलायला ते आले.

“अहो, आपण सही केलीत म्हणे?”

“केली. चूक दिसली होती मला.”

“पेपरात होतात ना आपण? तिथे कबूल केलं की विषय संपत असेल. इथे सुरू होतो.” माउस लावून ते निघाले. दोन पावलं जाऊन वळले. “आता बघा, आपली सही दाखवून तिच्याकडे मागतील. आपण चांगलं काम करून ठेवलंत.”

ते तसंच झालं. त्याच दुपारी विभागप्रमुख तिच्या खुर्चीपाशी आले. मी बाजूलाच होते.

“मॅडमनी केली बघ. त्यांना काही झालं का? तूही करून टाक.”

“सर, माझा ब्रिजचा अर्ज आहे.”

“लो सिव्हिरिटी आहे ही. ती धरत नाहीत.”

मी नियमांचा कागद काढला. त्यात ‘कोणत्याही तीव्रतेची नोंद’ असे शब्द होते. मी ओळीखाली रेघ मारून तो तिला दिला. विभागप्रमुखांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, हे पेपर नाही.”

बुधवारी पार्टनरने व्हिडिओवर बोलावलं. काचेच्या लहान खोलीत आम्ही दोघी बसलो. तपासणारी म्हणून मलाही बोलावलं होतं. तो मुंबईचा, मराठी. पुण्याशी मराठीत बोलतो, याचं त्याला कौतुक होतं. कंपनीत सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायचा नियम आहे. सपोर्टमधल्या कुणाला तो जमत नाही.

“अगं, किती छोटी गोष्ट आहे ही,” तो म्हणाला. “तुझं लेटर माझ्याकडे तयार पडलंय. तू हे क्लोज कर, मी ते पाठवतो.”

“सर, नियमात कुठलीही नोंद नको असं आहे.”

“नियमाचं मी बघतो ना.”

“मग तसं मेलवर द्याल का, सर? की ही नोंद धरणार नाही.”

तो हसला. “मेलवर काय देऊ? ट्रस्ट नावाची पण गोष्ट असते.”

“हो, सर. गुरुवारी बारा चाळीसला मी लिहून कळवलं होतं, प्रति टन आहे म्हणून. तेव्हा ट्रस्ट नव्हता का?”

स्क्रीनवरचा चेहरा काही क्षण हलला नाही. मला वाटलं नेट गेलं. मग तो म्हणाला, “हे बघ, क्लायंटला मी पुण्याची चूक म्हणून सांगून बसलोय. आता फॉर्ममध्ये दुसरं काही येणं बरं दिसत नाही. तू विचार कर. माझा पुढचा कॉल आहे.”

एवढा सरळ खुलासा या कंपनीत मी पहिला आणि शेवटचा ऐकला.

ऑफिसात ती प्रमाण मराठी बोलायची, त्यात इंग्रजी मिसळून. जिन्यात आल्यावर ती गावाकडचं बोलली.

“मी काय येडी आहो का, ताई? आठ वरसं यायच्या रेघा सरळ केल्या मी. आता यायची चूक बी माहीच काय?”

मग ती माझ्याकडे वळली.

“आन् तुमी काऊन सही केली?”

“मला दिसलं होतं गं. तरी पुढे जाऊ दिलं.”

“दिसलं त मलेबी होतं. मी लिहूनबी देल्लं होतं.” ती दोन पायऱ्या उतरली. “तुमची सही तुमच्यापाशी ठेवाची होती ना.”

दुपारचा डबा आम्ही चार वर्षं एकत्र खात होतो. त्या दिवशी तिने तो आपल्या जागेवर एकटीने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मी वहीतल्या वेळांची आणि तिच्या प्रश्नाची, मॅनेजरच्या उत्तराची प्रत विभागप्रमुखांना दिली. त्यांनी ती खणात ठेवली. तीच प्रत मनुष्यबळ विभागाला मेलने पाठवली. उत्तर आलं: ‘आपलं मत मांडल्याबद्दल धन्यवाद.’ ते मत नव्हतं. त्यात घड्याळाच्या पाच वेळा आणि पाच वाक्यं होती. मग मी माझ्या सहीखाली एक ओळ जोडायला गेले, की चूक मूळ मजकुरात होती आणि ती दोनदा कळवली होती. फॉर्मने ती घेतली नाही. सही झाल्यावर रकाना बंद होतो.

मॅनेजरने मला एकदा फोन केला. आवाज तसाच, धावता.

“मॅडम, तुम्ही तरी समजवा ना तिला. तिचंच नुकसान आहे.”

“तुमची स्लाइड होती.”

“टेम्प्लेट होतं, मॅडम. संग्रहातलं. माझं असं काही नव्हतं.”

हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं असं मला वाटतं. चौसष्ट स्लाइडपैकी कुठली त्याची, हे त्याला खरंच सांगता आलं नसतं.

मार्चभर ती कामाला येत राहिली. सही केली नाही. तिला कुणी काही म्हणालं नाही, पण मुंबईहून तिचं नाव घेऊन येणारी कामं थांबली. तिच्याकडे तयार स्लाइडच्या रंगसंगतीची कामं येऊ लागली: निळा गडद करा, अक्षर एका मापाचं करा. दोन वेळा तिने चौकोनात प्रश्न लिहिले. दोन्ही वेळा ते बरोबर होते. तिसऱ्यांदा लिहिताना मी पाहिलं की तिने ओळ टाइप केली, वाचली आणि खोडली. दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा माझ्या टेबलावर डबा घेऊन आली. फॉर्मबद्दल आम्ही बोललो नाही. शेंगदाण्याची चटणी तिने माझ्या झाकणात वाढली.

एकतीस तारखेला मुदत संपली. पत्र आलं नव्हतं. तिच्या अर्जापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा पडला. ‘नामंजूर’ नाही. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी तिला बोलावून हे मुद्दाम समजावून सांगितलं, की नामंजूर झालेलं नाही, म्हणून तिने वाईट वाटून घेऊ नये.

“मग मंजूर झालं का?” तिने विचारलं.

“नाही, अपूर्ण आहे.”

“मॅडम, आमच्याकडे याला नाही म्हणतात,” ती म्हणाली आणि परत येऊन कामाला बसली.

एप्रिलमध्ये बढत्या जाहीर झाल्या. मॅनेजर एक पायरी वर गेला. सगळ्यांना आलेल्या मेलमध्ये त्याच्या नावापुढे लिहिलं होतं की, रुग्णालय क्षेत्रात त्याने बारीकसारीक तपशिलाकडे दिलेलं लक्ष ग्राहकाने वाखाणलं. तो मेल भाषा तपासायला माझ्याकडे आला होता. त्यात चूक नव्हती. स्वल्पविराम जागच्या जागी होते. मी तो पुढे पाठवला.

जुलैत तिने राजीनामा दिला. निरोपाला केक कापला. विभागप्रमुखांनी भाषणात तिला ‘पुण्याचा आधारस्तंभ’ म्हटलं. लॅपटॉप परत घ्यायला कसबा पेठेतले गृहस्थ आले. त्यांनी तो उघडून पाहिला, पावती लिहिली आणि म्हणाले, “चार्जरसकट परत करणाऱ्या आपण पहिल्याच.” तिने खणातल्या वस्तू पिशवीत भरल्या. राखाडी टी-शर्ट खणातच राहिला.

चाकणजवळच्या एका कारखान्यात ती नियोजन विभागात आहे. पगार थोडा कमी आहे, बस लांबून धरावी लागते आणि शनिवारीही कामाला जावं लागतं. गणपतीत तिचा फोन आला. तिथल्या प्रत्येक तक्त्याखाली ‘तयार केले’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे नाव लिहावं लागतं, असं तिने सांगितलं. पहिल्या आठवड्यात एका तक्त्यात तिला वजन आणि नग यांची गल्लत दिसली. तिने तक्ता अडवून ठेवला. वरचा माणूस चिडून आला, त्याने तक्ता वाचला आणि दुरुस्तीला घेऊन गेला. “आईला सांगितलं का?” मी विचारलं. “नोकरी बदलली एवढंच सांगितलं,” ती म्हणाली.

मी अजून हडपसरलाच आहे. वडिलांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन विम्यात झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे.

त्या फॉर्मचा नियम असा आहे की, दोन्ही सह्या झाल्याशिवाय तो बंद होत नाही. तोवर संगणक दर सोमवारी आठवण पाठवतो. नोकरी सोडणारीचा ईमेल पत्ता बंद झाल्यामुळे आता ती आठवण फक्त मला येते. विभागप्रमुखांना मी तीनदा सांगितलं. फॉर्म मुंबईहून उघडलेला असल्यामुळे पुण्याला तो बंद करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मुंबईला लिहिलं. उत्तर आलेलं नाही.

या सोमवारी मेल सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी आला. त्यात मूळ कारणापुढे ‘मांडणीच्या टप्प्यावर झालेली चूक’ असं होतं. तपासणारी व्यक्ती, माझं नाव: सही झाली. करणारी व्यक्ती, तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट: सही बाकी.